शेवटच्या होडीची पाटी

९ जानेवारी, शुक्रवार

रिया, बाय, रागावू नकोस. ही वही तू जूनमध्ये आपल्या मदतसंस्थेच्या परदेशातल्या गोदामात कामाला निघालीस तेव्हा विमानाला जाताना दिलीस, रोज चार ओळी लिहा म्हणालीस, आणि मी पहिलं पान आज उघडतोय. सात महिने वही तुझ्या आजीच्या पत्र्याच्या पेटीत, तुझ्या शाळेच्या दाखल्यांखाली पडून होती. चौथी शिकलेल्या माणसाने लिहायचं काय, असं वाटायचं. शिवाय दर रविवारी तुझा फोन यायचा. बोलून झाल्यावर लिहायला काही उरायचं नाही.

आता दोन रविवार झाले, फोन नाही. तुझी आजी, गंगाबाई, म्हणते, तिकडं लाइन नसंल. पण तुझं बेइरा मोठं बंदर आहे, खेडं नाही. बंदराला लाइन नसते असं कसं होईल?

मला २१ डिसेंबरचा फोन आठवतो. तू विचारलंस, "आजोबा, कंटेनर भरताना पेट्या तुम्हीच मोजता ना? कागदावर सही तुमचीच असते ना?" मी जरा चढ्या आवाजात बोललो. म्हणालो, बावीस वर्षं या संस्थेच्या गोदामात भरणीचा मुकादम आहे, एक पेटी इकडची तिकडे झालेली नाही, आणि काल लागलेली पोर मला विचारते. तू म्हणालीस, "तसं नाही, आजोबा." मग जेवलात का विचारलंस आणि फोन ठेवलास. त्याचा राग धरलास का? तसं असेल तर माझं चुकलं.

ही वही तू परत आलीस की तुझ्या हातात देईन. तोवर जेवणाच्या सुट्टीत लिहीन. घरी लिहिलं तर गंगाबाई विचारत बसते.

१२ जानेवारी, सोमवार

आज नव्या मॅडमनी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. चारुता मॅडम पुण्याच्या. तुझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या असतील. कमलाकरसाहेब मेमध्ये निवृत्त झाल्यापासून खुर्ची रिकामीच होती, डिसेंबरात या आल्या. आल्या आल्या भिंतीवर मोठा कागद लावला, "अंतर्गत व्यवस्थापन व सहाय्यक सेवा बळकटीकरण". परदेशातल्या मुख्य कचेरीचा हुकूम आहे, जगभर सगळीकडे लागलाय. मी तो कागद रोज येता-जाता वाचतो. बळकट पडक्या भिंतीला करतात. म्हणजे आमची भिंत पडकी आहे असं वर कोणाला तरी वाटतं.

मॅडम म्हणाल्या, "पूर आला, वादळ आलं की टीव्हीवर डॉक्टर दिसतात, नर्स दिसतात. आपण दिसत नाही. पण आपला बॉक्स पोचला नाही तर ती नर्स रिकाम्या हातांनी उभी राहते. म्हणून आधी आपलं घर नीट करायचं."

काशिराम आपला फोर्कलिफ्टवाला, त्याला कुठे गप्प बसवतं? म्हणाला, "मॅडम, बळकट व्हायला अंडी-बिंडी मिळतील काय?"

सगळे हसले. मॅडमही हसल्या. म्हणाल्या, "अंडी नाही, काशिराम. स्कॅनर मिळेल. प्रत्येक बॉक्स टीक करायचा."

मग त्यांनी तारीख सांगितली. २७ जानेवारीपासून दोन दिवस गोदाम बंद ठेवून सगळा माल मोजायचा. "कोपरेसुद्धा," असं म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघितलं. काशिराम म्हणतो त्या सगळ्यांकडेच बघत होत्या. मला तसं वाटत नाही.

ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. मागच्या कोपऱ्यात, फाटक्या ताडपत्र्यांच्या मागे, नऊ पेट्या आहेत. त्या कुठल्याही कागदावर नाहीत.

तुला माझ्या गावची, करंजाची गोष्ट मी कधी सांगितली नसेल. आमच्या आळीत होड्या किनाऱ्याला लागल्या की मासळीचा लिलाव व्हायचा. माझा बापूस सगळी मासळी लिलावात टाकायचा नाही. एक पाटी ओल्या गोणपाटाखाली होडीतच ठेवायचा, शेवटची होडी येईपर्यंत. शेवटची होडी रिकामी आली तर ती पाटी न बोलता त्या घरी जायची. भरून आली तर आमची पाटी संध्याकाळी पडत्या भावाने विकायची. आई चिडायची. बापूस म्हणायचा, शेवटचा कोण असंल ते सकाळी कोणाला ठाऊक असतं?

गोदामात लागलो तेव्हा मी तेच करू लागलो. प्रत्येक भरणीतली एक पेटी मागे. कमलाकरसाहेबांना माहीत होतं. चार वर्षांपूर्वी कोकणात पूर आला, सगळा माल निघून गेला आणि महाडकडची एक गाडी उशिरा आली, तेव्हा साहेब डोक्याला हात लावून बसले होते. मी ताडपत्री उचलून अकरा पेट्या दाखवल्या. साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला. कागदाचं काय करायचे ते साहेबच जाणोत. म्हणायचे, "दादू, थप्पी तुझी, कागद माझा."

साहेब गेले, कागद कॉम्प्युटरवर गेला. आता भरणीच्या आधीच तो छापून येतो, इंग्रजीत. फुली असते तिथे मी सही करतो. पण पाटी ठेवायचं मी सोडलं नाही. आणि तुला खरं सांगतो, जूनपासूनचे नऊ कंटेनर तुझ्याच बंदराला गेले, म्हणून मी मुद्दाम बाळंतपणाच्या सामानाचीच पेटी मागे ठेवली. उद्या तुझा फोन आला की आजोबा, एक पेटी कमी पडते, तर दादू नाही म्हणणार नाही.

पण मॅडमना ताडपत्रीमागे पेट्या सापडल्या तर त्या पाटी समजणार नाहीत, चोरी समजतील. माझं कंत्राट मार्चपर्यंत आहे. या वयात चोर म्हणून पनवेलच्या कोळीवाड्यात कसा राहू?

१४ जानेवारी

संक्रांत. मॅडमनी तिळगूळ दिला. खिशात ठेवला तो विरघळून सदऱ्याला चिकटला. गंगाबाईने सदरा धुताना विचारलं, तोंड नव्हतं काय तुमाला? रक्तदाबाची गोळी आज दोनदा घेतली की एकदाही नाही, आठवत नाही.

१८ जानेवारी, रविवार

खारघरला बेलपाड्याजवळ कमलाकरसाहेबांकडे जाऊन आलो. फोन खिशात होता, आवाज पूर्ण मोठा करून. चौथा रविवार, वाजला नाही.

सुमतीवहिनींनी पोहे दिले. साहेब बनियनवर बसले होते, मला पाहून आनंदले. नऊ पेट्यांचं सांगितलं तेव्हा आनंद गेला. उठून त्यांनी बाहेरचं दार लावलं.

"अजून ठेवतोस तू? मी गेल्यावरसुद्धा?"

"तुम्ही नको कधी म्हणालात?"

"अरे, तेव्हा मी होतो ना. वर्षअखेरीला भिजल्या, उंदरांनी खाल्ल्या असं लिहून मेळ घालायचो. आता कोण लिहिणार?"

उंदरांचं मला आजपर्यंत माहीत नव्हतं. आमच्या गोदामात उंदीर नाहीत. मी दर आठवड्याला सापळे बघतो.

साहेब म्हणाले, "असं कर. सत्तावीसच्या आधी त्या पेट्या गुपचूप मोठ्या थप्पीत मिसळून टाक. नऊ जास्त निघतील. कॉम्प्युटर चुकला म्हणतील. जास्त निघाल्याबद्दल कोणी फाशी देत नाही. आणि दादू, माझं नाव मध्ये आणू नकोस."

आतून वहिनी म्हणाल्या, "अहो, त्यांनी सरळ सांगून टाकलं तर काय होईल?"

"तू दूध बघ," साहेब म्हणाले.

बसमध्ये मला वहिनींचं बोलणं आठवत राहिलं. पण साहेब शिकलेले आहेत. त्यांना कळत असेल.

२१ जानेवारी, बुधवार

मिसळल्या. सगळे जेवायला गेले तेव्हा एकेक करून नेल्या. पाठ धरली. पेट्यांवरची धूळ पंच्याने पुसली. मग बघतो तर जमिनीवर धुळीत नऊ चौकोन स्वच्छ राहिलेले. झाडू आणून सगळा कोपरा झाडला, तर तो कोपरा बाकी गोदामापेक्षा जास्तच स्वच्छ दिसायला लागला. मग बाहेरची थोडी धूळ आणून टाकली. अडुसष्ट वर्षांचा माणूस, पंच्यात धूळ घेऊन चाललोय.

काशिराम दारात उभा होता. कधीपासून ते माहीत नाही.

"दादूशेठ, लोकं धूळ भायेर टाकतात. तुमी आत आनताव?"

मी म्हणालो, सांडलेलं तेल होतं. त्याने डबा उघडून बोंबलाची चटणी माझ्यापुढे केली. मी घेतली नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

नऊ जास्त निघाल्या.

मॅडमनी त्या थप्पीची मोजणी तीनदा करायला लावली. तिसऱ्या वेळी स्वतः शिडीवर चढल्या. उतरल्यावर म्हणाल्या, "कमी असते तर मला समजलं असतं. जास्त कसे?" सगळ्यांना विचारलं. माझ्यापाशी आल्या तेव्हा मी म्हणालो, "मला काय ठाऊक? कॉम्प्युटरला विचारा."

असं तोडून मी कोणाशी बोलत नाही. काशिराम माझ्याकडे बघत होता. त्याने काही सांगितलं नाही.

दुपारी मॅडम बराच वेळ फोनवर होत्या. इंग्रजीत बोलत होत्या, पण दोन शब्द मला कळले. बेइरा आणि नाईन. बेइरा ऐकून बरं वाटलं. म्हणजे तुझ्याकडे माल पाठवायचं बोलत असणार. नऊ जास्तीच्या पेट्या तुलाच मिळाल्या तर सगळं आपोआप जागच्या जागी येईल. देवाने मार्ग काढला असं वाटलं.

चार वाजता त्यांनी मला बोलावलं. टेबलावर जूनपासूनचे कंटेनरचे कागद मांडले होते. "दादूकाका, या सगळ्या सह्या तुमच्याच?"

"माझ्याच."

"सही करताना आकडा बघता?"

"कागद इंग्रजीत असतो, मॅडम."

"आकडे तर तुम्हाला येतात. हा बघा. साठ."

त्यांनी आवाज चढवला नाही. "आठवलं काही तर मला येऊन सांगा. लवकर सांगा. तिकडे एका माणसाचं काम अडलंय."

तिकडे म्हणजे कुठे, हे विचारायला मला धीर झाला नाही.

३० जानेवारी, शुक्रवार

आज कामावर गेलो नाही. घरीच लिहितो. गंगाबाईने बघितलं तर बघू दे.

सकाळी ती चुलीपाशी बांगडे तळत होती. पाठ माझ्याकडे. म्हणाली, "पोरीचा फोन आलता."

"कधी?"

"मंगलवारी. तुमी कामाला गेल्ते."

"आणि आज सांगतेस?"

"तिनंच बोलली, आजोबांना सांगू नुको. तीन दिस पोटात ठेवलं. आता नाय ठेववत."

तिने बांगडा उलटला. मग सांगितलं. तुझ्यावर चौकशी बसली आहे. तुझ्या गोदामात नऊ पेट्या कमी भरल्या. कंटेनरचं सील शाबूत होतं, इकडचा कागद साठ म्हणतो, तू मोजल्यास एकोणसाठ, नऊ वेळा. म्हणजे पेटी तुझ्या दारातून गेली असं त्यांचं म्हणणं. चौकशी संपेपर्यंत इकडच्या गोदामातल्या कोणाशी बोलायचं नाही, असं तुला लिहून दिलंय.

"मी बोलले, आजोबा काय परके हायेत? त बोलली, आजोबा गोदामातलेच ना."

"अजून काय बोलली?"

"बोलली, मोजताना माझीच चूक झाली असंल, असं लिहून देते नि घरी येते. मी बोलले, तुजी चूक नाय त कशाला लिवतीस? त बोलली, त्या कागदावर आजोबांची सही हाय, आजी."

मला तिथे बसल्या बसल्या हळूहळू कळायला लागलं. तिकडे नऊ कमी. इकडे नऊ जास्त. मी बोटांवर मोजलं, हे मोजायला बोटं लागत नाहीत तरी मोजलं. डिसेंबरात तू फोनवर मला विचारत नव्हतीस, बाय. तू मला सांगत होतीस. आणि मी तुला काल लागलेली पोर म्हणालो.

बापसाने पाटी आपल्या हिश्शातली ठेवली होती. मी तुझ्या हिश्शातली ठेवली.

गंगाबाईला सगळं सांगितलं. तिने तवा खाली उतरवला. मग म्हणाली, "उद्या जाताव ना मॅडमकडं? का मी येऊ सोबत?"

३१ जानेवारी, शनिवार

एकटाच गेलो. मॅडम डबा खात होत्या. मी म्हणालो, जेवा आधी. त्या म्हणाल्या, "बोला, काका. डबा पळत नाही."

उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. करंजा, ओलं गोणपाट, ताडपत्री, नऊ पेट्या, पंच्यातली धूळ. धुळीचं ऐकून त्यांच्या तोंडावर क्षणभर हसू आलं आणि गेलं. विचारलं, "कमलाकरसरांना माहीत होतं?"

मी म्हणालो, "थप्पी माझी होती." साहेबांचं नाव मी घेतलं नाही. हे बरोबर की चूक, ते मला अजून कळत नाही. मॅडमना बहुतेक कळलं.

मग म्हणालो, "तिकडची मुलगी माझी नात आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "रिया तुमची नात? तिने चौकशीत एकदाही सांगितलं नाही."

मी विचारलं, त्या नऊ पेट्यांवाचून तिकडे काय झालं असेल? त्या म्हणाल्या, ते त्यांना सांगता येणार नाही. एका पेटीत पन्नास बाळंतपणांचं सामान असतं, एवढंच म्हणाल्या. नऊ पन्नास म्हणजे साडेचारशे. मी बावीस वर्षं पेट्या मोजल्या, पेटीतल्या बाया कधी मोजल्या नव्हत्या. हा आकडा आता माझ्या डोक्यातून जात नाही.

मॅडमनी जबाब मराठीत लिहिला आणि वाचून दाखवला. प्रत्येक आकड्यावर थांबून मला तो मोठ्याने म्हणायला लावलं. मग सही. निघताना म्हणाल्या, "काका, राखीव ठेवायला माझी हरकत नाही. ती मी मागूनच घेणार आहे. पण लपवलेली पेटी राखीव नसते. ती आहे हे शेवटच्या गाडीलाच माहीत नसेल, तर ती मागणार कशी?"

कोकणच्या पुरात मी तिथे हजर होतो म्हणून त्या पेट्या निघाल्या. त्या दिवशी मला ताप असता तर? बावीस वर्षांत हा विचार मला कधी शिवला नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

निकाल लागेपर्यंत मला भरणीवरून काढून गेटवर बसवलं आहे. येणाऱ्या गाडीचा नंबर लिहितो. नंबर दोनदा तपासतो, तरी गाडी गेल्यावर वाटतं चुकला.

आज तुझ्या बंदराचा कंटेनर भरला. साठ आणि त्या नऊ. काशिरामच्या हातात स्कॅनर होता. मॅडमनी मला गेटवरून बोलावलं, म्हणाल्या, तुम्ही मोठ्याने मोजा. मी मोजत गेलो. शेवटी एकोणसत्तर म्हणालो.

काशिराम म्हणाला, "दादूशेठ, माजं मशीन बी एकोणसत्तरच बोलतंय. तुमी दोघं सख्खं भाऊ."

मग हळू आवाजात म्हणाला, "मी त्याच दिशी समजलो व्हतो. बोलाया पायजे व्हतं."

दार बंद झालं, सील लागलं. मागे काही ठेवलं नाही. कोपरा रिकामा बघून वाटलं, उद्या कोणाची गाडी उशिरा आली तर काय? मॅडमनी वर राखीव मालाची परवानगी मागितली आहे. उत्तर आलेलं नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

आठवडा झाला. मॅडम म्हणतात जबाब त्याच दिवशी पाठवला, पुढचं चौकशी करणारे ठरवतील, घाई करता येत नाही. पण बाय, तुझा कागद माझ्या कागदाच्या आधी पोचला असेल तर? तू चूक कबूल करून सही करून बसली असशील तर माझा कागद कोण उघडून बघणार? म्हातारा नातीला वाचवायला खोटं बोलतो, असं म्हणतील. सकाळपासून हेच डोक्यात आहे. तुझा बाप हितेश आला होता, त्याला सांगितलं. तो मान खाली घालून बसला, मग चपला घालून गेला. चहा घेतला नाही.

मी मॅडमना ही वही दाखवली. म्हटलं, तारखा बघा, मी आज बनवून लिहिलेलं नाही. त्यांनी उभ्यानेच चार पानं वाचली. मग खाली बसून बाकीची वाचली. म्हणाल्या, ही वर पाठवू का? मी विचार केला, त्यात उंदरांचं आहे, साहेबांचं आहे, वहिनींचं आहे. साहेब आता माझं तोंड बघणार नाहीत. मी हो म्हणालो. काशिरामने एकेक पानाचा फोटो काढला, हे आजचं पान सोमवारी काढेल. सोमवारी पाठवतील. एक संच गंगाबाईच्या फोनवरून तुला येईल, आजीशी बोलायला तुला मनाई नाही.

तू परत आल्यावर वाचायची म्हणून लिहिली होती. आता थांबत नाही.

तू काही लिहून दिलं असशील तर मागे घे. माझी सही बावीस वर्षांची असेल, पण खाली लिहिलेला आकडा खोटा होता, आणि तो मी बघितला नव्हता. तू बघितलास. नऊ वेळा बरोबर मोजलंस.

तुझं काम राहिलं की गेलं, एवढं लवकर कळव. सोमवार, मंगळवार, कधीही. माझ्या फोनवर नको, आजीच्या फोनवर कर. मी शेजारी बसेन, बोलणार नाही. आवाज आला तरी पुरे.